पाण्यातलं शिसं बाटलीने गिळू नये म्हणून

समजा, कोराडी-खापरखेडा भागातल्या एखाद्या बोअरवेलचं पाणी सकाळी बाटलीत भरलं. दिवसभर ती बाटली गाडीत फिरली, संध्याकाळी नागपुरातल्या लॅबच्या टेबलावर आली आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं शिसं मोजलं. आकडा आला लिटरला ७ मायक्रोग्रॅम. यंत्र ठीक, कॅलिब्रेशनची रेषा सरळ, ब्लँक (तुलनेसाठी तपासलेलं, धातू नसलेलं पाणी) स्वच्छ. तरीही बोअरवेलमध्ये ११ असू शकतात. उरलेलं शिसं बाटलीच्या आतल्या भिंतीवर बसलेलं असतं. आकडा जास्त आला तर सगळे पुन्हा तपासतात, कमी आला तर कुणालाच खटकत नाही. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं चालत राहते आणि भोगावी लागते ती पाणी पिणाऱ्या घरांना.

१९५८ पासून नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथे पाणी तपासायला शिकणाऱ्या मुलामुलींची कमी नाही. त्यांना यंत्र चालवायला शिकवलं जातं. बाटली, पिपेट, गाळणी, इलेक्ट्रोडचं टोक या पृष्ठभागांवर पाण्याचं काय होतं, ते मात्र घाईत राहून जातं. मिलिग्रॅममध्ये मोजताना हे चालून जातं, मायक्रोग्रॅममध्ये नाही.

एका बाटलीचं गणित

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या शिशात अणू असतात साधारण २९० कोटी कोटी. आता एक लिटरची काचेची बाटली घ्या, आतून ८ सेंटिमीटर व्यासाची आणि २० सेंटिमीटर उंच. तिच्या आतल्या भिंतीचं आणि बुडाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ५५० चौरस सेंटिमीटर. ओल्या काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना सिलॅनॉल म्हणतात. दर चौरस नॅनोमीटरला ते पाचाच्या आसपास असतात. म्हणजे पूर्ण बाटलीत सुमारे २,७०० कोटी कोटी. शिशाच्या एका अणूसाठी भिंतीवर नऊ-दहा जागा मोकळ्या, आणि काच अगदी गुळगुळीत असते असं धरून केलेला हा हिशेब आहे.

पीएच ७-८ ला यातले बरेच गट हायड्रोजन सोडून ऋण प्रभारित होतात आणि धन प्रभाराचं शिसं त्यांना जाऊन बसतं. पीएच २ च्या खाली गेलं की काचेचा प्रभार जवळजवळ संपतो, शिवाय पाण्यातले असंख्य हायड्रोजन आयन त्याच जागा अडवून बसतात. नमुन्यात आम्ल घालायचं ते यासाठी. ते 'पाणी टिकावं म्हणून' घालतात असं सांगितलं की विद्यार्थी ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये घालतात. कारण कळलं असेल तर विहिरीवरच घालतात.

बाटली लहान घेतली तर परिस्थिती बिघडते. त्याच आकाराच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे भिंत दुपटीहून जास्त येते. शक्य असेल तेव्हा ५०० मिलिलिटर भरा.

कुठली बाटली, कशी धुवायची

शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं यांच्यासाठी पांढरी, रंग न घातलेली एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथीनची) बाटली घ्या. पॉलिथीनवर सिलॅनॉल नसतात. तरी ते अगदी निर्लेप नसतं. जुन्या, चरे पडलेल्या बाटलीत ऑक्सिडीकरण झालेले डाग आणि चिकट थर असतो, तो धातू धरतो. चरे दिसले की ती बाटली धातूंच्या कामातून काढा. झाकणात चिकटवलेली पुठ्ठ्याची किंवा रबराची चकती नको, रबरातून जस्त उतरतं. पाण्याच्या विकतच्या बाटल्या पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. त्यांचं प्लास्टिक, पीईटी, बनवताना अँटिमनीचं संयुग वापरतात, आणि मे महिन्यात बंद गाडीत तापलेल्या बाटलीतून ते पाण्यात उतरतं. पाऱ्यासाठी पॉलिथीन चालतच नाही, कारण पाऱ्याची वाफ त्यातून आरपार जाते. त्याला काच किंवा टेफ्लॉन लागतं.

धुण्याचा क्रम असा ठेवा. फॉस्फेट नसलेल्या साबणाच्या पाण्याने ब्रश न लावता खळखळून धुवा, कारण ब्रशच्या तारेचा ओरखडा कायमचा राहतो. नळाच्या पाण्याने साबण पूर्ण काढा. मग झाकणाच्या प्लास्टिक टबात १० टक्के नायट्रिक आम्ल तयार करा: नऊ भाग पाण्यात एक भाग तीव्र आम्ल, आणि नेहमी पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही. हे काम फ्यूम हूडखाली, गॉगल आणि पावडर नसलेले हातमोजे घालून करायचं. हातमोज्यांच्या पावडरमध्ये जस्त असू शकतं. बाटल्या आतून-बाहेरून बुडतील अशा २४ तास ठेवा, झाकणं वेगळी. बुडवताना आत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढा भाग धुतलाच जात नाही, म्हणून बाटली तिरपी करून बुडबुडा बाहेर काढा. नंतर डीआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने पाच वेळा खंगाळा. पहिल्या तीनदा थोडं थोडं पाणी, शेवटच्या दोनदा भरपूर. उलटी ठेवून निथळू द्या आणि झाकण लावून स्वच्छ झिपच्या पिशवीत ठेवा.

क्रोमिक आम्लाने काच धुण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. सोडून द्या. क्रोमियम काचेवर चिकटून राहतं आणि नंतर हळूहळू नमुन्यात येतं. शिवाय सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे.

ब्युरेट, पिपेट, फ्लास्क स्वच्छ आहेत का, ते पाणीच सांगतं. पाणी ओतून रिकामं केल्यावर आतून एकसंध पातळ पापुद्रा राहिला तर काच स्वच्छ. थेंब-थेंब तुटून बसले तर तिथे तेलकटपणा आहे. हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. पिपेट रिकामी होताना भिंतीवर जेवढं पाणी मागे राहतं, तेवढं गृहीत धरूनच तिच्यावर खूण केलेली असते. भिंतीवर थेंब अडकले की मागे राहणारं पाणी बदलतं. त्याच कारणाने पिपेटच्या टोकाचा शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही. टोक भिंतीला टेकवून जेवढं येईल तेवढंच घ्यायचं. मायक्रोपिपेटचं टिप पहिल्यांदा वापरताना तेच द्रावण दोन-तीनदा आत-बाहेर करून ते ओलं करून घ्या, नाहीतर पहिला घोट कमी भरतो.

विहिरीवर

हातपंप असेल तर पाच मिनिटं चालवून पाइपात साठलेलं पाणी जाऊ द्या. घरातल्या नळाच्या जोडणीतून शिसं येतं का हे पाहायचं असेल तर मात्र उलट करा: रात्रभर थांबलेलं पहिलंच पाणी घ्या, वाहू देऊ नका. नमुना घेण्याआधी प्रश्न ठरलेला हवा.

आम्लाने धुतलेली बाटली नमुन्याने खंगाळू नका. खंगाळताना पाण्यातला बारीक गाळ भिंतीला चिकटतो आणि आम्ल पडल्यावर त्यातले धातू नमुन्यात उतरतात. आकडा वर जातो.

विरघळलेले धातू मोजायचे असतील तर आम्ल घालण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळा. एकूण धातू हवे असतील तर गाळू नका, सरळ आम्ल घाला. आधी आम्ल घालून मग गाळलं तर गाळाला चिकटलेले धातू सुटून 'विरघळलेले' म्हणून मोजले जातात. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. गाळणीचाही पृष्ठभाग असतो, म्हणून पहिले ३०-४० मिलिलिटर टाकून द्या. पावसाळ्यात कन्हान नदीचं गढूळ पाणी गाळताना मेम्ब्रेन तुंबू लागलं की ते बदला. तुंबलेल्या मेम्ब्रेनची छिद्रं नावालाच ०.४५ ची राहतात, प्रत्यक्षात त्याहून बारीक कणही अडतात.

लोह असलेल्या बोअरवेलकडे जास्त लक्ष द्या. पाणी वर येतं तेव्हा नितळ असतं, हवेत थोडा वेळ राहिलं की पिवळट, मग बुडाशी तांबूस साका. जमिनीखालचं दोन संयुजेचं लोह हवेने तीन संयुजेचं होऊन हायड्रॉक्साइड बनतं. हा साका म्हणजे बाटलीत नव्याने तयार झालेला प्रचंड पृष्ठभाग. आर्सेनिक आणि शिसं त्यावर झपाट्याने बसतात. असं पाणी तिथल्या तिथे गाळून लगेच आम्ल घालायचं. 'लॅबमध्ये नेऊन निवांत गाळू' म्हटलं की नमुना गेला.

आम्लाचं प्रमाण: लिटरला १.५ मिलिलिटर तीव्र नायट्रिक. सोबत नेताना १:१ (पाणी आणि आम्ल समसमान) करून नेलेलं जास्त सुरक्षित, मग ५०० मिलिलिटरला ते १.५ मिलिलिटर लागेल. एवढ्याने साध्या पाण्याचा पीएच १.६ च्या आसपास येतो. पण शहराच्या पश्चिमेकडच्या बेसॉल्टमधल्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट बरंच असू शकतं. क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरला ७०० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर दीड मिलिलिटरमधलं बरंचसं आम्ल तिथेच खर्च होतं आणि पीएच २ च्या वर राहतो. म्हणून मोजमापावर विसंबू नका. बाटली हलवा, बुडबुडे थांबू द्या, एक थेंब पीएच-पट्टीवर टाका आणि २ च्या खाली आहे याची खात्री करा. पट्टी बाटलीत बुडवू नका. सायनाइडसाठीची बाटली वेगळी ठेवा. तिच्यात आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो.

प्रत्येक फेरीत एक फील्ड ब्लँक हवाच: लॅबमधून नेलेलं डीआयोनाइज्ड पाणी, विहिरीवर तशाच बाटलीत ओतलेलं, त्याच कुपीतलं आम्ल घातलेलं.

लॅबमध्ये, विशेषतः एप्रिल-मे

नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की लॅबमध्ये कूलर लागतो. पत्र्याच्या कूलरची टाकी जस्ताचा मुलामा दिलेली आणि जागोजागी गंजलेली असते, पाणी बहुधा बोअरवेलचं. त्या हवेबरोबर तुषार आणि खसची धूळ टेबलावर येते, आणि उघड्या फ्लास्कमध्ये जस्त, लोह, कॅल्शियम. उन्हाळ्यात जस्ताचा ब्लँक अचानक वर चढला तर आम्लाची बाटली बदलण्याआधी कूलरचं तोंड कुठे आहे ते पाहा. सौम्य स्टँडर्ड (धातूचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण) बनवताना कूलर बंद, भांडी झाकलेली.

फ्लास्कवरची खूण कुठल्या तापमानाची आहे ते वाचा: काहींवर २०, काहींवर २७ अंश. २७ अंशांपासून ४० पर्यंत पाणी सुमारे ०.४३ टक्के प्रसरण पावतं. नमुना आणि स्टँडर्ड दोन्ही त्याच खोलीत, त्याच तापमानाला भरले तर हा फरक जवळजवळ कटून जातो. यावर फार वेळ घालवू नका.

स्टँडर्डचं मात्र ऐका. १,००० मिलिग्रॅम प्रति लिटरचं मूळ द्रावण बंद बाटलीत टिकतं. त्यापासून बनवलेलं १० मायक्रोग्रॅमचं द्रावण रोज ताजं करा, आणि ते १ टक्का नायट्रिकमध्येच. साध्या पाण्यात बनवलं तर स्टँडर्डमधलंच शिसं फ्लास्कला जाऊन बसतं. मग कॅलिब्रेशनची रेषा खाली येते आणि नमुने उलट जास्त दिसायला लागतात. नमुन्यात जेवढं आम्ल, जवळपास तेवढंच स्टँडर्डमध्ये असावं.

ग्राफाइट फर्नेसवर (थेंबभर नमुना तापवून त्यातला धातू मोजणाऱ्या यंत्रावर) काम करत असाल तर एक दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घ्या आणि ऑटोसॅम्पलरची (नमुना आपोआप सोडणाऱ्या भागाची) केशनळी ग्राफाइटच्या नळीत उतरताना आत पाहा. २० मायक्रोलिटरचा थेंब फुगत येतो, खालच्या प्लॅटफॉर्मला टेकतो, पसरतो आणि केशनळी कोरडी वर जाते. असं झालं तर ठीक. टोक फार उंचावर असेल तर थेंब टेकण्याआधीच नळीच्या बाहेरच्या अंगाला वर चढतो आणि परत जाताना थोडा सोबत नेतो. तीन वाचनांत १० टक्के फरक पडण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. टोक प्लॅटफॉर्मच्या साधारण १ मिलिमीटर वर आणा. टोक चिरलेलं असेल तर धारदार ब्लेडने सरळ कापा. धुण्याच्या पाण्यात ट्रायटन एक्स-१०० अगदी थोडं, ०.०१ ते ०.०५ टक्के, घाला म्हणजे केशनळीच्या आतल्या भिंतीवर मागच्या नमुन्याचा थेंब राहत नाही. वाळवण्याचा टप्पा घाईने केला तर थेंब तडतडून उडतो. आरशात तेही दिसतं.

फ्लोराइडचा इलेक्ट्रोड

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या भूजलात फ्लोराइडचा त्रास आहे, त्यामुळे इथल्या लॅबमध्ये हा इलेक्ट्रोड रोजचा. तो लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा असतो आणि मोजणी होते ती त्या स्फटिकाच्या आणि पाण्याच्या सीमेवर. आम्लता वाढली तर फ्लोराइड हायड्रोजनला जोडलं जाऊन इलेक्ट्रोडला दिसत नाही. अल्कता वाढली तर हायड्रॉक्साइड त्याच सीमेवर घुसतं आणि आकडा फुगतो. म्हणून टिसॅब, म्हणजे पीएच सांभाळणारं द्रावण, नमुन्यात घालतात: सुमारे ५०० मिलिलिटर पाण्यात ५७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, ५८ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम सीडीटीए घ्या, थंड करत करत सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.३ ते ५.५ वर आणा आणि लिटर पूर्ण करा. सीडीटीए ॲल्युमिनियमला धरून ठेवतं, त्यामुळे त्याच्याशी बांधलेलं फ्लोराइड सुटं होतं. तुरटी घातलेल्या पाण्यात हे विशेष लागतं.

प्लास्टिकच्या बीकरमध्ये १० मिलिलिटर नमुना आणि १० मिलिलिटर टिसॅब घ्या. इलेक्ट्रोड थोडा तिरपा उतरवा, नाहीतर स्फटिकाखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि वाचन डोलत राहतं. स्टररची मोटर तापते, म्हणून बीकरखाली थर्माकोलचा तुकडा ठेवा. १ आणि १० मिलिग्रॅमच्या स्टँडर्डमध्ये २५ अंशांना साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा, ४० अंशांना तोच ६२ होतो. तापमान नोंदवलं नसेल तर हा फरक, म्हणजे स्लोप, तपासण्याला अर्थ नाही. ५४ च्या खाली गेला तर स्फटिकावर थर बसला आहे. पॉलिशिंग स्ट्रिप ओली करून त्यावर अर्धा मिनिट हलक्या हाताने गोल फिरवा, खळखळून धुवा, पुन्हा पाहा.

दोन द्रवांच्या सीमेवरही असाच प्रश्न येतो. नाग नदीसारख्या सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून सेंद्रिय द्रव्यं विद्रावकाने काढताना साबणामुळे दोन थरांच्या मध्ये फेसाळ, दुधाळ पट्टा बसतो. सेपरेटिंग फनेल जोराने हलवू नका. मंद आडवं फिरवा आणि मध्ये मध्ये वायू सोडा. पट्टा बसलाच तर थोडं मीठ घाला, नाहीतर ग्लास वुलमधून (काचेच्या लोकरीतून) सोडा.

भिंतीवर किती गेलं, ते मोजा

ही तपासणी प्रत्येक नव्या खेपेच्या बाटल्यांवर एकदा करा. तुमच्या भागातलंच, शिसं जवळपास नसलेलं बोअरवेलचं पाणी घ्या; डीआयोनाइज्ड पाण्यावर केलेला प्रयोग खऱ्या पाण्याबद्दल फारसं सांगत नाही. चार बाटल्यांत ५०० मिलिलिटर भरा आणि प्रत्येकीत शिसं लिटरला १० मायक्रोग्रॅम होईल एवढं स्पाइक (मोजून घातलेलं शिसं) घाला. दोघींत लगेच आम्ल, दोघी तशाच. लगेच, ४ तासांनी, २४ तासांनी आणि ३ दिवसांनी थोडं थोडं पाणी काढा. काढलेल्या पाण्यात १ टक्का आम्ल घालून मोजा आणि किती काढलं ते लिहून ठेवा. शेवटी बाटल्या पूर्ण रिकाम्या करा, २५ मिलिलिटर २ टक्के नायट्रिक घालून सगळ्या बाजूंनी फिरवा, तासभर ठेवा आणि तेही मोजा.

हिशेब असा. समजा, तशाच ठेवलेल्या बाटलीतलं पाणी शेवटी ८.२ दाखवतं, म्हणजे ५०० मिलिलिटरला ४.१ मायक्रोग्रॅम, सोप्या हिशेबासाठी मध्ये काढलेलं पाणी इथे सोडून दिलं आहे. भिंत धुतलेल्या २५ मिलिलिटरचं वाचन ३२, म्हणजे ०.८ मायक्रोग्रॅम. घातले होते ५, मिळाले ४.९. शिसं हरवलं नव्हतं, भिंतीवर होतं. बेरीज ९० टक्क्यांच्याही खाली आली तर भिंतीखेरीज आणखी काही चुकतंय: साका, झाकण किंवा पिपेट.

आम्ल न घालता लॅबमध्ये पोहोचलेला, एकूण धातूंसाठीचा नमुना फेकायची गरज नाही. त्याच बाटलीत आम्ल घाला, पीएच २ च्या खाली गेला हे पट्टीवर पाहा, नीट हलवा आणि किमान १६ तास ठेवा; भिंतीवरचं बहुतेक शिसं परत पाण्यात येतं. पीएच पुन्हा तपासून मगच मोजा. तोवर दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतून घेऊ नका, कारण जे शोधायचंय ते पहिलीच्या भिंतीवर आहे. रजिस्टरमध्ये नमुना घेतल्याची वेळ आणि आम्ल घातल्याची वेळ दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.